दुसऱ्याच्या शिवारातून गेलेली भिंत

२७ मार्च २००२ च्या रात्री इस्रायलच्या किनाऱ्यावरच्या नेतान्या शहरात, पार्क हॉटेलच्या जेवणघरात वल्हांडणाच्या सणाची पंगत बसली होती. जेवायला आलेल्यांत म्हातारी माणसे पुष्कळ होती. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेलीही त्यांत काही होती. हमासचा एक तरुण अंगाला स्फोटके बांधून आत शिरला आणि त्याने पंगतीत स्वतःला उडवून दिले. ३० माणसे गेली. त्या एका मार्च महिन्यात शंभरावर इस्रायली मारले गेले. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तेल अवीवच्या डॉल्फिनेरियम नाचघराबाहेर २१ जण मेले, बहुतेक कोवळी पोरे. ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या स्बारो पिझ्झाच्या दुकानात १५ जण मेले, त्यांतली सात लहान मुले होती. दोन भावंडांना एकाच बसने शाळेला पाठवू नये, असे आईबाप ठरवू लागले होते.

इस्रायलने बांधलेल्या भिंतीबद्दल बोलणाऱ्याने पहिल्यांदा त्या जेवणघरात उभे राहावे. तिथे उभे न राहता जो भिंतीला नावे ठेवतो, त्याचे बोलणे इस्रायली माणसाने मनावर का घ्यावे? भय खरे होते, आणि रक्षण मागण्याचा हक्कही खरा होता. पंतप्रधान आरिएल शॅरोन यांना ही भिंत सुरुवातीला नको होती. कुंपण घातले की तीच सरहद्द समजली जाईल आणि पलीकडच्या ज्यू वसाहती हातच्या जातील, अशी त्यांच्या गोटाला धास्ती होती. पण लोकांचा रेटा असा होता की जून २००२ मध्ये सरकारला काम सुरू करावेच लागले. डाव्यांनी मागितली, उजव्यांनी बांधली, आणि बहुसंख्य जनतेने सुटकेचा निःश्वास टाकला.

माझा आरोप इथून पुढचा आहे. भिंत बांधली, हा तो आरोप नाही. ती कुठून नेली, हा आहे. ती कुठून जाते आहे हे नीट ठाऊक असताना एका सुशिक्षित, निवडणुका आणि न्यायालये मानणाऱ्या, युरोपात शतकानुशतके कोंडवाड्यांत राहिलेल्या समाजाने डोळ्यांवर कातडे ओढून घेतले, हा आहे.

इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधली १९४९ ची शस्त्रसंधी रेषा, जिला जग हरित रेषा म्हणून ओळखते, ती सुमारे ३२० किलोमीटर लांब आहे. भिंतीचा आखलेला मार्ग सुमारे ७१० किलोमीटरचा. अंतर दुपटीच्या वर का गेले, हे नकाशा हातात घेतल्यावर कोणालाही कळते. मार्गाचा सुमारे ८५ टक्के भाग हरित रेषेच्या पलीकडे, पॅलेस्टिनी भूमीत आहे. ज्यू वसाहत आली की तो तिला कवेत घ्यायला वळतो. आरिएल या वसाहतीसाठी तर तो वीसएक किलोमीटर आत घुसवायचा बेत होता. शहरे-गावे दाट आहेत तिथे आठ-नऊ मीटर उंच काँक्रीट आहे. बाकी बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कुंपण, त्याच्या दोन्ही अंगांना काटेरी तारांची वेटोळी, खंदक, गस्तीचा रस्ता, आणि पावलांचे ठसे उमटावेत म्हणून पसरलेली वाळूची पट्टी. हे सगळे मिळून पन्नास-साठ मीटर रुंद होते. तेवढ्या रुंदीत जैतुनाच्या किती ओळी बसतात, ते ज्याच्या गेल्या त्याला विचारावे.

रक्षणासाठीच हवी होती तर भिंत स्वतःच्या हद्दीत बांधता आली असती. ती लांबीला निम्मी झाली असती, राखायला सोपी पडली असती, आणि जगातल्या कोणत्याही न्यायालयाला तिच्याविरुद्ध फारसे बोलता आले नसते. भारताने बांगलादेश सीमेवर कुंपण घातले ते साधारणपणे सीमारेषेपासून दीडशे यार्ड आपल्या बाजूला, आपल्या जमिनीवर. त्याच्या पलीकडे आपल्याच शेतकऱ्यांची शेते अडकली, त्यांचे हाल होतात, आणि तो दोष आपला आहे. निदान त्याचा जाब त्यांना आपल्याच सरकारला विचारता येतो. वेस्ट बँकेतल्या शेतकऱ्याने जाब कोणाला विचारायचा? ज्या सरकारला मत देण्याचा त्याला हक्क नाही, त्याला?

केवळ सुरक्षेचे कारण जागोजागी कसे पुरे पडत नाही, हे इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयात उघडे पडले. ३० जून २००४ रोजी मुख्य न्यायाधीश अहरोन बराक यांच्या पीठाने बेत सुरिक गावाच्या खटल्यात निकाल दिला. भिंत उभारण्याचा लष्कराचा अधिकार त्यांनी मान्य केला. पण वादातल्या चाळीसेक किलोमीटरपैकी तीसेक किलोमीटरचा मार्ग रद्द केला, कारण मिळणाऱ्या सुरक्षेच्या मानाने गावकऱ्यांचे होणारे नुकसान फार मोठे होते. इतक्या आतून मार्ग नेण्याची गरज नाही, हे न्यायालयाला सांगायला इस्रायलचेच निवृत्त सेनाधिकारी पुढे आले होते. २००६ साली अझ्झून गावाच्या खटल्यात त्याहून लाजिरवाणी गोष्ट बाहेर आली. त्झूफिन वसाहतीजवळचा मार्ग ठरवताना तिथे होऊ घातलेल्या औद्योगिक क्षेत्राचा आराखडा समोर ठेवला होता, आणि आधीच्या सुनावणीत सरकारने ही गोष्ट न्यायालयापासून दडवली होती. न्यायालयाने सरकारला खडसावले आणि तो भाग काढून टाकायला लावला. २००७ साली बिलईन गावाची पाळी आली. तिथे भिंत मोदिईन इल्लीत वसाहतीच्या पूर्वेला पुढे बांधायच्या घरांसाठी जागा राखायला आत सरकवली होती. घरे झाली नव्हती, राहणारे आले नव्हते, म्हणजे ज्यांचे रक्षण करायचे ती माणसेच नव्हती, आणि त्यांच्यासाठी बिलईनची शेते मात्र तोडली गेली होती.

मार्ग आखणारे मुख्य अधिकारी कर्नल डॅनी तिर्झा यांचे स्वतःचे घर क्फार अदुमीम या वसाहतीत होते. सरकारी वकील न्यायालयात ही तात्पुरती सुरक्षा व्यवस्था असल्याचे सांगत राहिले. २००५ च्या अखेरीस कायदामंत्री त्झिपी लिव्हनी यांनी मात्र भिंतीचा परिणाम भावी सरहद्दीवर होणार, हे चारचौघांत बोलून दाखवले.

यातले काहीही गुप्त राहिले नाही. इस्रायली वर्तमानपत्रांनी ते छापले, इस्रायली वकिलांनी मांडले, इस्रायली न्यायाधीशांनी निकालांत नोंदवले. म्हणून मी एकट्या सरकारला धारेवर धरत नाही. सरकार खोटे बोलले तर फसलेल्या जनतेची कीव येते. इथे जनता फसलेली नव्हती. तिने वाचले, पान उलटले आणि पुढच्या निवडणुकीत तीच माणसे निवडून दिली.

आता जाय्यूसच्या फाटकाशी या. हे कल्किल्याजवळचे, डोंगरउतारावरचे गाव आहे. कुंपण पडले तेव्हा घरे पूर्वेला राहिली आणि जमीन पश्चिमेला गेली. संत्र्या-लिंबांच्या बागा, जैतून, भाजीपाल्याची हरितगृहे, गावच्या विहिरी, पिकत होते ते जवळजवळ सगळे पलीकडे. मधे लोखंडी फाटक. ते सकाळी थोडा वेळ, दुपारी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ उघडायचे. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन, गाढवे घेऊन, जेवणाची गाठोडी घेऊन रांगेत उभे राहत. जीप यायची, सैनिक कुलूप काढायचा, एकेकाचा परवाना पाहायचा, पिशव्या उघडून बघायचा. सैनिक वीस वर्षांचा असायचा आणि समोर उभा असलेला माणूस साठीचा. पोराचा ताप उतरत नव्हता म्हणून घरून निघायला उशीर झाला, तर तो दिवस गेला. पाण्याची मोटर बंद पडली आणि दुरुस्त करणाऱ्याकडे परवाना नाही, तर बाग वाळली.

हे फाटक तरी रोज उघडणाऱ्यांपैकी. बहुसंख्य फाटके वर्षातून फक्त जैतुनाच्या तोडणीच्या हंगामात उघडली जात. झाड काही फक्त तोडणीच्या वेळी माणूस मागत नाही. नांगरट राहिली, छाटणी राहिली, तण माजले, उन्हाळ्यात ते वाळले आणि पेटले, की पुढच्या हंगामात तोडायला उरते काय?

परवान्याची तऱ्हाही ऐका. तो ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळणार. बायको, मुलगे, मजूर यांचे अर्ज वेगळे, आणि त्यांचे नकारही वेगळे. बाप वारला, जमीन भावंडांत वाटली गेली, की कार्यालय म्हणते तुझा हिस्सा फार लहान. ३३० चौरस मीटरपेक्षा कमी वाटा असेल तर त्या माणसाला शेतीसाठी आत जायची गरजच नाही, असे लष्कराने नियमात लिहून टाकले. ज्याच्या सातबाऱ्यावर आठ नावे आहेत अशा मराठी शेतकऱ्याला या नियमातला अन्याय समजावून सांगावा लागणार नाही. त्यात आणखी एक मेख आहे. उस्मानी राजवटीतल्या १८५८ च्या जमीन कायद्यात सलग तीन वर्षे पडीक राहिलेली जमीन सरकारजमा करण्याची तरतूद आहे, आणि वेस्ट बँकेत इस्रायलने त्या कायद्याचा आधार वेळोवेळी घेतला आहे. आधी फाटक बंद करायचे, मग जमीन पडीक का म्हणून विचारायचे. गावोगावच्या म्हाताऱ्यांना रात्री झोप लागत नाही ती या भीतीने. म्हणून हात रिकामे परत आले तरी ते फाटकाशी जात राहिले.

ऑक्टोबर २००३ च्या लष्करी हुकमाने भिंत आणि हरित रेषा यांच्यामधला पट्टा बंद क्षेत्र ठरवला. त्यात जायला, काम करायला, स्वतःच्या घरात राहायलासुद्धा पॅलेस्टिनी माणसाला परवाना लागतो. इस्रायली नागरिकाला लागत नाही. आणि परतीच्या कायद्याप्रमाणे ज्याला इस्रायलात येऊन स्थायिक होण्याचा हक्क आहे, अशा जगातल्या कोणत्याही माणसालाही लागत नाही. हा तपशील कोणा विरोधकाने रचलेला नाही, हुकमातच आहे.

त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगतो. अलिबाग-रेवदंड्याकडे जन्मलेला, घरी मराठी बोलणारा बेने इस्रायली तरुण उद्या तेल अवीवच्या विमानतळावर उतरला, तर त्याला जाय्यूसच्या बागेत जायला परवाना नको. ज्याच्या आजोबाने ती बाग लावली, तो मात्र फाटकाबाहेर कागद हातात धरून उभा. सुरक्षेचा प्रश्न असता तर कोण धोक्याचा आणि कोण नाही, हे माणूस पाहून ठरले असते. इथे ते जन्म पाहून ठरले आहे. जन्मावरून कोणी कुठल्या वाटेने जायचे हे ठरवणारी व्यवस्था मराठी मुलखाने शतकानुशतके पाळली, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांच्या अंगावर तिचे वळ अजून आहेत. ती पाहिली की ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

इस्रायली समाज हे सगळे पाहत कसा नाही? पाहावे लागू नये, अशी सोय करून. सहा क्रमांकाच्या महामार्गावरून गाडी कल्किल्याच्या बाजूने जाते तेव्हा इस्रायली अंगाला मातीचा भराव घालून त्यावर झाडेझुडपे लावलेली दिसतात. भिंत बुटकी वाटते, बागेच्या कडेसारखी. मुलांना घेऊन सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या नजरेला काही खुपत नाही. तीच भिंत कल्किल्याच्या बाजूने आठ मीटर उंच आणि उघडी करडी आहे. जेरुसलेमच्या हद्दीतच मोडणाऱ्या शुआफात निर्वासित छावणी आणि कफ्र अकब या वस्त्या भिंतीपलीकडे ढकलल्या गेल्या. तिथले लोक पालिकेचा कर भरतात, पण कचरा उचलणारी गाडी, रुग्णवाहिका, पोलीस यांची वाट पाहून थकतात. बेथलेहेमच्या नाक्यावर पहाटे तीन-साडेतीनपासून मजूर लोखंडी गजांच्या अरुंद बोळात खांद्याला खांदा लावून उभे राहत. सातला जेरुसलेममध्ये कामावर हजर व्हायचे तर दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी बांधलेल्या घरात राहणाऱ्याने ते किती वाजता उठले असतील, हे कधी विचारले का?

विचारणारे होते, आणि त्यांची नावे घेतली पाहिजेत. २००१ पासून मखसोम वॉच नावाने काही इस्रायली बायका, त्यांतल्या पुष्कळ आजीच्या वयाच्या, नाक्यांवर आणि फाटकांवर जाऊन उभ्या राहतात, काय घडते ते वहीत लिहून काढतात. बिलईनमध्ये दर शुक्रवारी गावकऱ्यांबरोबर इस्रायली तरुण अश्रुधूर खात चालले. समाजाने त्यांना काय दिले? देशद्रोही म्हणून शिव्या. एखादा समाज किती निरोगी आहे हे त्याच्याकडे सत्य सांगणारी माणसे आहेत की नाहीत यावरून ठरत नाही, तो त्यांचे काय करतो यावरून ठरते.

भिंतीमुळे हल्ले थांबले, हे उत्तर ठरलेले आहे. २००२ नंतर आत्मघातकी हल्ले झपाट्याने कमी झाले, ही गोष्ट कबूल केलीच पाहिजे, आणि वाचलेल्या प्रत्येक जिवाबद्दल समाधान वाटले पाहिजे. पण आखलेल्या मार्गाचा सुमारे तिसरा हिस्सा अजून बांधलेला नाही. वर्षानुवर्षे हजारो मजूर फटीफटींतून रोज कामाला जात राहिले, आणि मालकांना स्वस्त हात हवे होते म्हणून त्या फटी खपवून घेतल्या गेल्या. २००२ ची लष्करी मोहीम, हेरखात्याचे काम, २००५ ची शस्त्रसंधी, पॅलेस्टिनींच्या आपसांतल्या घडामोडी, या सगळ्यांचा वाटा त्यात आहे. आणि समजा एकटी भिंतच कारणी पडली असली, तरी ती हरित रेषेवर का नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

इतके बोलल्यावर दुसऱ्या बाजूला सोडून देणे लबाडी होईल. स्बारोच्या हत्याकांडानंतर दीडेक महिन्यात नाब्लुसच्या अन-नजाह विद्यापीठात हमासच्या विद्यार्थ्यांनी त्या स्फोटाचा देखावा प्रदर्शन म्हणून मांडला. लोक तो पाहायला आले. यासर अराफत यांनी तो बंद करायला लावला, पण तो मांडावासा वाटला, आणि पाहावासा वाटला, त्या मनांचे काय? लहान मुलांना मारणाऱ्याची पोस्टरे चौकाचौकांत लागली, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून हे आमचे शूर नव्हेत असे म्हणणारे शिक्षक, इमाम, पुढारी फार थोडे निघाले. ताब्यात ठेवलेल्या, चिरडलेल्या समाजालाही धर्माधर्म असतो. आपल्यावर अन्याय झाला म्हणून पिझ्झा खाणारे पोर आपला शत्रू ठरत नाही. ज्यांनी हे मान्य केले नाही त्यांनी भिंतीच्या पायाभरणीला हातभार लावला, आणि जाय्यूसच्या शेतकऱ्याने त्याची किंमत मोजली. वरच्या वर्गाची कथा तर वेगळीच. पॅलेस्टिनी घरबांधणीसाठी सवलतीत इजिप्तहून आणलेले सिमेंट पॅलेस्टिनी व्यापाऱ्यांनीच इस्रायली ठेकेदारांकडे वळवल्याचे २००४ साली पॅलेस्टिनी विधिमंडळाच्या चौकशीत पुढे आले, आणि ते भिंतीच्याच कामाला गेल्याचा आरोप झाला.

वाट दाखवणारी गावे त्यांच्याकडेही होती. बुद्रूस हे रामल्लाच्या पश्चिमेचे छोटे गाव. २००३-०४ मध्ये तिथे आयेद मोरार यांनी फतह आणि हमास दोघांच्या माणसांना एकत्र आणले, हातात काही न घेता बुलडोझरपुढे चालायला लावले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलीने गावच्या बायकांना बाहेर काढले. इस्रायली आणि परदेशी लोक येऊन त्यांच्या रांगेत उभे राहिले. लाठ्या खाल्ल्या, अटका झाल्या, गाव हटले नाही, आणि शेवटी मार्ग हरित रेषेकडे मागे सरकवावा लागला. गावची बहुतेक जैतुने वाचली. बत्तीरमध्ये जुन्या झऱ्याचे पाणी आठ घराण्यांत पाळीने वाटले जाते. तिथला आठवडाच आठ दिवसांचा, प्रत्येक घराण्याला एक दिवस. त्या दगडी पायऱ्यांच्या शेतांतून भिंत जाणार होती. तेव्हा गावकऱ्यांच्या बाजूने इस्रायलचे पर्यावरणवादी उभे राहिले, आणि इस्रायलच्या सरकारी निसर्ग व उद्यान प्राधिकरणानेही त्या मार्गाला विरोध केला. २०१४ साली युनेस्कोने बत्तीरला जागतिक वारशात घेतले, आणि तिथली भिंत अडली. या गावांची पोस्टरे रामल्लाच्या चौकात का लागली नाहीत? आणि बुद्रूसने बंदूक न उचलता मिळवले तेवढेसुद्धा पुढच्या गावांना मिळू नये, अशी व्यवस्था इस्रायलने का केली? बिलईनच्या मोर्च्यात एप्रिल २००९ मध्ये बासेम अबू रहमा छातीवर अश्रुधुराचे नळकांडे बसून मेला. न्यायालयाचा निकाल गावाच्या बाजूने लागून तेव्हा दीड वर्ष झाले होते. निकालाप्रमाणे भिंत हलायला २०११ उजाडले.

रामी एल्हनान हे जेरुसलेमचे ज्यू गृहस्थ. ४ सप्टेंबर १९९७ ला त्यांची १३ वर्षांची मुलगी स्मदार बेन येहुदा रस्त्यावर पुस्तके घ्यायला गेली आणि आत्मघातकी स्फोटात मेली. बासम अरामिन हे तरुणपणी सात वर्षे इस्रायली तुरुंगात राहिलेले पॅलेस्टिनी. जानेवारी २००७ मध्ये त्यांची दहा वर्षांची अबीर अनाता गावात शाळेबाहेर सीमा पोलिसाच्या रबरी गोळीने गेली. अनाताच्या शेजारून तेव्हा भिंत उभी राहत होती. अबीरच्या मृत्यूला शासन जबाबदार आहे असे जेरुसलेमच्या न्यायालयाने पुढे ठरवले, पण गोळी झाडणाऱ्यावर खटला भरला गेला नाही. हे दोन बाप, मुले गमावलेल्या दोन्हीकडच्या आईबापांच्या संघटनेत, आज इतकी वर्षे एकत्र फिरतात, शाळांतून बोलतात. त्यांना सगळ्यात जड जाते ते समोरच्या मुलांनी दुसऱ्या बाजूचा माणूस आयुष्यात कधी पाहिलेलाच नसणे. इस्रायली पोराने पॅलेस्टिनी पाहिला असेल तर बातम्यांत, पॅलेस्टिनी पोराने ज्यू पाहिला असेल तर हातात बंदूक घेतलेला. भिंत उभी राहिली तेव्हा जन्मलेली मुले आता विशीतली आहेत. ती सैन्यात आहेत. ती दगडफेकीत आहेत.

भिंतीवरचा भरवसा किती पोकळ होता, ते गाझात कळले. तिथे २०२१ च्या डिसेंबरात इस्रायलने सुमारे ६५ किलोमीटरचा नवा अडथळा पूर्ण केला. जमिनीखाली काँक्रीट, वर संवेदक, कॅमेरे, दूरनियंत्रित बंदुका. खर्च साडेतीन अब्ज शेकेल. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासने तो बुलडोझर आणि स्फोटके लावून फोडला, सुमारे १२०० माणसे मारली, अडीचशे ओलीस नेली. त्यानंतर गाझावर जे कोसळले त्यात पन्नास हजारांहून जास्त जीव गेले, हजारो मुले त्यांत होती. वीस लाख माणसे डोळ्यांआड कोंडली की प्रश्न मिटला, असे मानून वर्षानुवर्षे काढली, त्याचा हा शेवट. आणि त्यातून धडा कोणता घेतला? वेस्ट बँकेतली फाटकेही बंद केली. शेतकऱ्यांचे परवाने गोठवले. कामाला येणाऱ्या दीडेक लाख मजुरांना घरी बसवले.

जगाने मत दिले आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ जुलै २००४ रोजी चौदा विरुद्ध एक मतांनी सांगितले की पॅलेस्टिनी भूमीतली भिंत बेकायदा आहे, ती पाडावी, नुकसानभरपाई द्यावी. १९ जुलै २०२४ ला त्याच न्यायालयाने सगळा ताबाच बेकायदा ठरवला. या दोन तारखांच्या मधल्या वीस वर्षांत जगातले अनेक देश इस्रायलशी व्यापार करत राहिले, शस्त्रे विकत राहिले, घेत राहिले. भारतही त्यांत आहे.

आणि आपण? घरी बसवलेल्या पॅलेस्टिनी गवंड्यांच्या जागा भरायला २०२४ च्या जानेवारीत रोहतक आणि लखनऊमध्ये रांगा लागल्या, पुढे त्याच वर्षी महाराष्ट्रातही भरती झाली. रांगेतल्या गवंड्याला मी बोल लावणार नाही. त्याच्या घरी कर्ज आहे आणि इथे काम नाही. बोल लावायचा तो त्याच्या जाण्याला देशाच्या मैत्रीचे यश म्हणून मिरवणाऱ्यांना, आणि कोणाच्या ताटातला घास उचलून आपल्याला वाढला जातो आहे हे एकदाही न विचारणाऱ्या आपल्या सगळ्यांना. आपल्याकडे हा विषय निघाला की अर्ध्यांना नेतान्या आठवत नाही आणि अर्ध्यांना जाय्यूस. दोघांनाही तिथल्या मेलेल्या माणसांशी सोयरसुतक नसते. इथल्या शेजाऱ्याला टोचायला दूरचे प्रेत हाताशी मिळाले, एवढेच. मोबाइलवर उद्ध्वस्त घराचे चित्र पाहून टाळ्या पिटणारे हात मी सभ्य, शिकलेल्या, देवधर्म करणाऱ्या घरांतले पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र मराठी माणसांच्या हातात आहे, आणि ती मागायला मी हा लेख लिहिला. कोकणातून गेलेली बेने इस्रायली कुटुंबे आज दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद या गावांत राहतात. त्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते, मराठी नियतकालिक निघते. फाटकाशी उभे राहून वंशाचा पुरावा द्यावा लागणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायलींनी इतर ज्यूंशी लग्न करायचे तर आधी त्यांच्या पूर्वजांची, जितक्या मागे जाता येईल तितकी, तपासणी करावी. तुम्ही खरे ज्यू आहात का, असा तो प्रश्न होता, आणि तो ज्यांना तोंडावर विचारला गेला त्यांनी मान खाली घातली नाही. १९६४ साली ते बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, संसदेला त्यांची बाजू घ्यावी लागली, आणि धर्मपीठाला ते फर्मान मागे घ्यावे लागले.

त्या लोकांची नातवंडे आज इस्रायलच्या सैन्यात आहेत. कोणी जाय्यूससारख्या फाटकावर किल्ली घेऊन उभे राहिलेही असेल. त्यांच्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे, हात जोडून: ऑक्टोबर २००३ चा तो हुकूम मागवून घ्या, सणाला मुले घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, आणि तुम्ही ज्यांना निवडून देता त्यांना पत्र लिहून विचारा की आमच्या जन्माचा दाखला दुसऱ्याला त्याच्या शेतात जाण्यापासून अडवायला कोणाच्या परवानगीने वापरलात.